सरांची दुसरी लाट

२ सप्टेंबर १९८५

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. संताप लिहायला तिथे रकाना नाही. म्हणून आजपासून ही वेगळी वही.

संतापाचं कारण डॉ. गोपाळकृष्ण आगाशे, माझे गाइड. मार्चअखेर निवृत्त होतायत. त्याच्या आत माझा प्रबंध त्यांच्या सहीनिशी गेला नाही, तर विभाग मला दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधणार, आणि तो दुसरा कुणीतरी म्हणणार, "बाई, हा विषय आमचा नाही, नवीन घ्या." मी शिकवते त्या कॉलेजने दिलेली अभ्यासरजाही तेव्हाच संपते. म्हणजे चार वर्षं पाण्यात. पहिली तीन प्रकरणं टाइप होऊन पडली आहेत. चौथं अडलंय, आणि जे काही आहे ते चौथ्यातच आहे.

आज आईने परत विचारलं, तू तिथे नक्की करतेस काय. शांतपणे सांगितलं. काचेच्या छोट्या भांड्यातल्या द्रावकात आमचा रेणू विरघळवायचा. क्विनोन जातीचा आहे, मेंदीच्या रंगाचा चुलतभाऊ. त्यात इलेक्ट्रोड बुडवायचे, विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि तसाच मागे आणायचा. रेणूने इलेक्ट्रॉन घेतला की प्रवाह उसळतो आणि रेकॉर्डरचं पेन कागदावर एक लाट काढतं. आमचा रेणू एकामागून एक दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून दोन लाटा. याला व्होल्टामेट्री म्हणतात. आई म्हणाली, "हे तर दुपारभरात होईल. चार वर्षं काय करत होतीस?"

चार वर्षं मी दुसरी लाट सरकण्याची वाट बघतेय. रेणूला इलेक्ट्रॉनबरोबर एखादा प्रोटॉन मिळाला तर दुसरा इलेक्ट्रॉन घेणं त्याला सोपं जातं आणि दुसरी लाट पहिलीकडे सरकते. सर वीस वर्षं सांगतायत की आमच्या रेणूला प्रोटॉन बाहेरून आणावाच लागत नाही. त्याच्या अंगावरच एक आहे, तो आतल्या आत या हातातून त्या हातात देतो. जगात हे कुणी मानत नाही. एका परिषदेत एक गोरा गृहस्थ सरांना तोंडावर म्हणाला होता, तुमच्या द्रावकात पाणी असेल, प्रोटॉन त्याचा. ते पाणी सर अजून उपसतायत, आणि उपसणारी मी.

९ सप्टेंबर

हवा दमट. द्रावक कितीही कोरडा करा, बाटली उघडली की पाणी पितो, आणि लगेच दुसरी लाट सरकते. ही सरकलेली चालत नाही, कारण ही पाण्याची. मग पुन्हा द्रावक उकळायचा, वाफ धरायची, हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली भरायचा. कोरडा केला की लाट जागची हलत नाही. सर म्हणतात, "सगळं पाणी काढ. मग जी सरकेल ती माझी."

आज कोरड्या द्रावकातला वक्र, म्हणजे लाटांचा कागद, घेऊन त्यांच्या खोलीत गेले. टेबलावर पसरला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. "मला दाखवू नकोस. सांग." पहिली लाट इथे, दुसरी तिथे, उंची इतकी, परतीची इतकी, सगळं तोंडी. मी काय आकाशवाणी आहे? मग सर बोटाने वक्रावरून गेले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि ओली शाई फासली. म्हणाले, "पेन बदल. जाड काळं घाल. ही रेघ म्हणजे कोळ्याची तंगडी आहे."

बारीक पेनाने मोजमाप नेमकं येतं, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

२० सप्टेंबर

बाहेर गणपतीची रोषणाई, आत दिव्याची कावीळ. विजेचा दाब पडला की पेन थरथरतं आणि लाटेला काटे फुटतात. त्यात रेकॉर्डरचं बटण फिरवता फिरवता हातात आलं. ते घेऊन बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने बटण हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे बंद झालं बाई. रेकॉर्डरही बंद करा." मी म्हटलं, पर्याय? त्याने शेजारच्या रेडिओकडे बोट दाखवलं. शेवटी त्या रेडिओचंच बटण बसवलं. त्यावर "बँड" असं लिहिलंय.

खोलीत आम्ही दोघंच, मी आणि जयसिंग. तो धायरीचा, माझ्याहून दोन वर्षं मागे. काम बरं करतो, पण सरांची मस्केबाजी इतकी की बघवत नाही. रोज संध्याकाळी त्यांना स्कूटरवरून घरी सोडतो. त्यांचं टपाल वाचून दाखवतो. परवा तर त्यांच्या चहात साखर घालून, ढवळून, कप त्यांच्या हातात दिला. सर असे लाड करून घेणारे नव्हते. म्हातारपणी माणसाला दरबारी लागतात हेच खरं.

४ ऑक्टोबर

व्हरांड्यात सर समोरून आले, भिंतीच्या कडेकडेने. मी थांबले, नमस्कार केला. "कोण?" म्हणाले. चार वर्षं. मी म्हटलं, "हेमा." तर म्हणे, "मग बोल की. मुकी उभी राहतेस."

लाट हलली नाही. ऑक्टोबरची हवा कोरडी, द्रावक कोरडा, लाट दगडासारखी. सरांना सांगितलं. "परत कर." एवढंच.

खंडेनवमी

जयसिंगने सकाळपासून खोली धुऊन काढली, मार्केट यार्डातून टोपलीभर झेंडू आणला. दरवर्षीप्रमाणे उपकरणांची पूजा. विजेचा दाब देणारा पोटेन्शिओस्टॅट, रेकॉर्डर, तराजू, नायट्रोजनचं नळकांडं, सगळे एका रांगेत, आणि मधोमध आमचं काचेचं भांडं, रबरी बूच लावून. मी म्हटलं, भांडं कशाला, यंत्रांची करा. तर जयसिंग, "ताई, खरं हत्यार त्येच हाय. बाकी नुसती खोकी."

पूजा सरांच्या हातून. निवृत्तीआधीची शेवटची म्हणून सगळा विभाग जमला होता. आणि सरांनी पूजा उरकली म्हणजे अक्षरशः उरकली. कुंकू रेकॉर्डरऐवजी टेबलाला, अक्षता निम्म्या जमिनीवर, फूल पेनाच्या रुळावर. भांड्यापाशी आले तेव्हा हाताने चाचपून ओली हळद बुचाच्या वर थापली, चांगली बोटभर. बुचाला चार भोकं आहेत इलेक्ट्रोड आणि नायट्रोजनची नळी जायला, त्यांतसुद्धा गेली. चाळीस वर्षं ज्या माणसाने उपकरणाला धुळीचा कण लागू दिला नाही तो असा वागतो. श्रद्धा नसेल तर करू नका, पण धसमुसळेपणा कशाला?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे चांगले होते. नंतर बूच ओल्या फडक्याने पुसून ठेवलं.

दसऱ्यानंतरचा चौथा दिवस

सरकली.

तीनदा केलं. द्रावक हाडासारखा कोरडा, त्याची वेगळी चाचणी केली, पाणी नाही. रेणू तोच. नायट्रोजन तोच. आणि दुसरी लाट पहिलीकडे अशी सरकली की मी ओरडलेच, जयसिंग धावत आला.

सरांच्या खोलीत पळत गेले. या वेळी त्यांनी सांग म्हणायच्या आधीच सांगायला लागले. ते म्हणाले, "परत सांग." परत सांगितलं. "पाणी?" नाही सर. "नक्की?" नक्की. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं, सावकाश, आणि मी सांगत असताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एरवी वैताग आला असता. आज नाही आला. म्हणाले, "हेमा, चौथं प्रकरण लिही."

आईसाठी श्रीखंड घेऊन आले. तिने विचारलं, आता काय निघालं? मी म्हटलं, प्रोटॉन. ती म्हणाली, बरं झालं.

६ नोव्हेंबर

चौथं प्रकरण भराभर चाललंय. रोज वक्र, रोज सरकलेली लाट. फक्त एक खटकतं: सरकण्याचं माप रोज थोडं कमी होतंय. सर म्हणाले, इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग झिजला असेल, घासून घे. घासला. तरी कमीच. सर डिसेंबरातल्या परिषदेत बोलणार आहेत. त्या गोऱ्या गृहस्थालाही पत्र टाकलंय, जयसिंगच्या हातून लिहून. स्वतः चार ओळी लिहायलाही आता कारकून लागतो.

२८ नोव्हेंबर



शेवटचे वक्र घ्यायचे म्हणून आज सगळं स्वच्छ करायला घेतलं. भांडं, इलेक्ट्रोड, बूच. बुचाला साबण लावला आणि भोकांतून लाल पाणी ओघळलं.

कुंकू नव्हतं, ते बुचापर्यंत पोचलंच नव्हतं. हळद. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या साडीला माहीत आहे. मी बूच वरून पुसलं होतं, भोकांत ती वाळून बसली होती. नायट्रोजन सोडला की द्रावकाची वाफ बुचाला लागते आणि थेंब होऊन खाली गळते. गळताना हळद घेऊन गळत होती. द्रावण पिवळं झालेलं दिसलं नाही, कारण आमचा रेणू आधीच पिवळा. आणि हळदीच्या रंगद्रव्याच्या अंगावर देण्याजोगे प्रोटॉन आहेत, हे बीएस्सीच्या पोरालाही कळेल. माप रोज कमी होत होतं, कारण हळद संपत आली होती.

खात्री करायची म्हणून नवं बूच लावलं. लाट जागेवर. डब्यातली चिमूटभर हळद टाकली. लाट सरकली, अगदी तितकीच.

म्हणजे वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रोटॉन आतला नव्हता. हळदीचा होता, आणि तो सरांनी स्वतःच्या हाताने थापला होता.

जयसिंगला दाखवलं. तो स्टुलावर बसला. बूच हातात फिरवत म्हणाला, "ताई, सरांना आत्ता नगा सांगू." का? "परिषद होऊ द्या. त्यांचं एवढंच उरलंय." पूजेची हौस त्याची, म्हणून घाबरलाय.

१ डिसेंबर

सांगितलं नाही अजून.

खरं लिहायचं तर विचार करतेय. वक्र माझ्याकडे आहेत, सुंदर आहेत. बुचाचं मला आणि जयसिंगला सोडून कुणाला माहीत नाही. सर वक्र बघत नाहीत, मी जे सांगेन ते त्यांचं. फेब्रुवारीत प्रबंध जाईल, सही होईल, सहा-आठ महिन्यांत मी डॉक्टर. परीक्षक कुठल्या तरी गावी बसून प्रबंध वाचतील, त्यांच्याकडे माझं बूच थोडंच असणार. सरांना त्यांची लाट मिळेल, मला माझी पदवी. तोटा कुणाचा?

मला सरांचा भयंकर राग येतो. एकदा तरी त्यांनी कागद हातात घेऊन नीट पाहिला असता तर त्यांना पहिल्या दिवशी संशय आला असता. ते जुने सर कुठे गेले?

३ डिसेंबर

सांगितलं. झोप लागत नव्हती म्हणून सांगितलं, थोरपणा वगैरे काही नाही.

सर ऐकत होते, चेहरा खिडकीकडे. मी संपवलं. मग त्यांनी विचारलं, "हळद कुणी लावली बुचाला?"

"आपणच, सर. खंडेनवमीला."

"बुचाला?"

"बुचाला."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ते तसेच राहू दिले. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाले, "मला वाटलं तो एखाद्या यंत्राचा माथा आहे." मग म्हणाले, परिषदेला मी येत नाही म्हणून कळवा. आणि मला, "चौथं प्रकरण फाड. बाहेरचे प्रोटॉन मोजून घाल. फिनॉल घे, बेंझॉइक आम्ल घे, थेंबाथेंबाने. कोण किती लाट सरकवतो ते लिही. आणि आतला काही करत नाही, हेही लिही."

म्हणजे परत पहिल्यापासून, तीन महिन्यांत. वर शब्दाची शाबासकी नाही. जिना उतरता उतरता मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली.

२२ डिसेंबर

फिनॉल संपलं. मागवलं तर कारकून म्हणतो, आता नव्या आर्थिक वर्षात बघा. जयसिंग दुसऱ्या कॉलेजातून मागून आणतो म्हणून गेला आणि वासाने अख्खी बस रिकामी करून आला. नव्या पेनाची शाई थंडीने घट्ट होते. पण लाटा येतायत. एकेक थेंबाने दुसरी लाट सरकते, शिस्तीत. हे तरी कुणी खोडून काढू शकणार नाही.

सर रोज विचारतात, रोज सांगते. एक मात्र बदललंय. पूर्वी "परत कर" म्हणायचे, आता "बरं" म्हणतात. मला "परत कर"च बरं वाटायचं.

१९ जानेवारी

चौथं प्रकरण लिहून झालं. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य घालावं लागलं: या रेणूत प्रोटॉनचं अंतर्गत हस्तांतर होत असल्याचा पुरावा मिळत नाही, सबब प्रा. आगाशे यांनी पूर्वी मांडलेलं अनुमान मागे घ्यावं लागेल. इंग्रजीत लिहिलंय, पण टोचायचं तेवढं टोचतंच. गाइडची सही ज्या प्रबंधावर हवी त्यातच गाइड चुकला असं लिहायचं. माझ्याहून मोठं गाढव पुण्यात सापडणार नाही.

आई म्हणाली, सौम्य कर. केलं. मग पुन्हा होतं तसं केलं.

११ फेब्रुवारी

आज सगळं टाइप केलेलं घेऊन सरांकडे गेले. सहीचं पान वर ठेवलं होतं. वाटलं, चाळतील आणि सही करतील. तर म्हणाले, "बस. चौथं वाच."

अख्खं? अख्खं. बेचाळीस पानं, तक्त्यांसकट. घसा कोरडा पडला. मध्ये जयसिंग पाणी ठेवून गेला. सर मध्येच थांबवून एखादा आकडा पुन्हा विचारायचे आणि मान हलवायचे. शेवटचा परिच्छेद आला. ते वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि मनात आलं, हे ओलांडून पुढचं वाचावं. पुढे फक्त आभार आहेत. त्यांना कशाला ऐकवायचं, आणि तेही माझ्या तोंडून. छापलेलं आहे, सावकाश कधीतरी वाचतील.

वाचलं. आवाज माझाच मला परका वाटला.

"पुढे?"

"संपलं, सर."

त्यांनी खिशातून पेन काढलं. "कुठे?" मी पान सरकवलं, इथे म्हटलं. "बोट ठेव." मला कळेना. तरी रेघेखाली बोट ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने टेबल चाचपत माझं बोट शोधलं, निब माझ्या नखाला टेकवली आणि तिथून सही केली. चेहरा पूर्ण वेळ खिडकीकडे होता. सही रेघ सोडून वर चढत गेली, टाइप केलेल्या त्यांच्याच नावावरून.

मी बोलणारच होते की आता पान परत टाइप करावं लागेल. त्याऐवजी शाई वाळायला पान बाजूला ठेवलं.

"ते वाक्य तू गाळशील असं मला वाटलं होतं," सर म्हणाले. "गाळलं असतंस तर मला कळलं नसतं."

मी विचारलं, "सर, आपल्याला किती दिसतं?"

"खिडकी कुठे आहे ते दिसतं."

दोन वर्षं होत आली, म्हणाले. आधी मधला भाग गेला, मग कडा. डॉक्टरने हात टेकले. विभागाला सांगितलं असतं तर आठवड्यात सक्तीची रजा, आणि मी दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून जयसिंगला शपथ घातली आणि मला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर मी कीव केली असती, आणि कीव करणारा माणूस वक्र सांगताना गोड करून सांगतो. हेही तेच म्हणाले.

मला इतकं वाईट वाटलं की मी रागावूनच बोलले. म्हटलं, मग माझ्यावर भरवसा कसा ठेवलात? मी काहीही सांगितलं असतं. दोन वर्षं वाटेल ते सांगितलं असतं.

सर हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

"चार वर्षं लाट सरकत नाही म्हणून तू माझ्यावर चिडत होतीस. खोटं सांगणारं माणूस इतकं चिडत नाही. त्याला कशाला चिडायला लागतं?"

त्यांचा हात धरून जिना उतरवला. खाली जयसिंग स्कूटर घेऊन उभा होता. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, दुसरं काय करणार.

घरी येऊन आईला सही दाखवली. तिने चष्मा लावला, पान उजेडात धरलं, आणि म्हणाली, "वाकडी झालीये गं."

तेव्हा मला रडू फुटलं.